बारा मुलींचा दिवस

सांख्यिकीला मी मनातून कधी गणित मानलंच नव्हतं. दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात ते सहावं आणि शेवटचं प्रकरण. दरवर्षी ते शिकवायचो, मुलांकडून उदाहरणं सोडवून घ्यायचो, पण मला ते उपरंच वाटायचं. वर्गसमीकरण हे गणित. अंकगणिती श्रेढी हे गणित. भूमितीतलं प्रमेय तर गणिताचा कळस. आयतालेख, वृत्तालेख, वारंवारता बहुभुज यांत मात्र पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर यांच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. बरं, हे मी मनात ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी ते वर्गात बोलून दाखवायचो. "हे मार्कांचं प्रकरण आहे. नीटनेटकं काढा, गुण कुठे जात नाहीत."

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी गणिताची धास्ती घेऊन बसलेली मुलं वर्गात बरीच असतात. आसपासच्या खेड्यांतून कुणी एसटीने येतं, कुणी सायकलने, कुणी पायी. त्यांना माझ्या या वाक्याने धीर येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. धीर येतही असेल. पण त्याच वाक्यातून मी त्यांना हेही सांगत होतो की इथे समजून घेण्यासारखं काही नाही, फक्त हात चालवा. शिक्षकाने वर्गात सांगू नये अशी ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आलो.

शिकवण्याची रीतही त्याला साजेशीच होती. प्रमाण वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं. अक्षांना नावं द्यायची. वर्ग शून्यापासून सुरू होत नसतील तर आरंभबिंदूजवळ आडव्या अक्षावर नागमोडी खूण करायची. स्तंभालेखात दोन स्तंभांमध्ये जागा सोडायची, आयतालेखात आयत एकमेकांना चिकटवायचे. चिकटवले नाहीत तर अर्धा गुण कमी. ते का चिकटवायचे, हे मी कधी सांगितलं नाही. मोजमाप सलग असतं, एक वर्ग जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो, म्हणून आयतही सलग, इतकी साधी गोष्ट आहे ती. मला ती ठाऊक होती. सांगावीशी वाटली नाही, कारण आलेखाला काही विचारता येतं हेच मला मान्य नव्हतं.

ही अढी आली कुठून, याचा विचार केला तर मी दोन ठिकाणी पोचतो. पहिलं ठिकाण नांदेड. विद्यापीठात एम.एस्सी.ला असताना आम्हा शुद्ध गणितवाल्या पोरांत एक ताठा होता. सिद्धता देतो तो गणिती, आकडे गोळा करतो तो कारकून. हे आम्हाला कुणा प्राध्यापकांनी शिकवलं नव्हतं, आम्हीच एकमेकांना शिकवलं होतं. दुसरं ठिकाण माझं घर, आणि त्याबद्दल लिहिणं मला जड जातं. माझे वडील तलाठी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य रकान्यांत गेलं: सातबारा, पीकपाहणी, पैसेवारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कित्येक दिवस अण्णा याद्याच करत होते. कुणाचं घर पडलं, कुणाच्या घरातलं कोण गेलं. रात्री कंदिलाच्या उजेडात ते आकडे परत परत पडताळायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या कागदांवर गेलेली माणसं आहेत हे मला समजत होतं, तरीही अण्णांचं काम मला हलकंच वाटत राहिलं. आपण असं आयुष्य काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सांख्यिकीकडे नाक मुरडताना मी खरं तर कुणाकडे नाक मुरडत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या वहीबद्दल सांगतो.

कोरोनाच्या आधीची गोष्ट. सोपं प्रकरण आधी उरकून टाकू म्हणून त्या वर्षी मी सांख्यिकी दिवाळीच्या अगोदरच घेतलं आणि सुट्टीच्या गृहपाठात आयतालेख दिला. एरवी अशा गृहपाठासाठी मुलं सामग्री घरी बसून मनानेच तयार करतात. 'वर्गातील मुलांचे आवडते खेळ' या मथळ्याखाली दरवर्षी तेच ते आकडे फिरत असतात. त्याला आळा बसावा म्हणून मी हजेरीपटच पुढे केला. वर्गात बाहेरगावाहून येणाऱ्या अठरा मुली होत्या. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांतल्या रोज किती हजर होत्या ते मोजा, वर्ग पाडा, मध्य काढा, आयतालेख काढा. हजेरीपट निवडण्यामागे माझा दुसरा काहीही विचार नव्हता. तो टेबलावर पडलेला होता, एवढंच.

सुट्टीनंतर वह्या तपासायला घेतल्या. तेरणा नदीकडच्या एका गावाहून येणाऱ्या मुलीच्या वहीत आयतालेखाला मधोमध खिंडार होतं. वर्ग तिने बरोबर पाडले होते: ४ ते ६, ७ ते ९, १० ते १२, १३ ते १५, १६ ते १८. ते सलग करतानाही चूक नव्हती, ३.५ ते ६.५, ६.५ ते ९.५ असे व्यवस्थित लिहिले होते. कोपऱ्यात प्रमाण होतं, नागमोडी खूण होती, पेन्सिलीला टोक होतं. पण डावीकडे दोन आयत, मग एका आयताएवढी कोरी जागा, मग उजवीकडे दोन आयत. मी लाल पेनने 'आयत सलग हवेत' असं लिहिलं, अर्धा गुण कापला आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली. गुणासाठी हुज्जत घालणारी मुलगी नव्हती ती. वर्षभरात आपणहून कधी बोललेली मला आठवत नाही. वही उघडून म्हणाली, "सर, म्या जागा सोडली नाही. तिथं शून्यच हाय."

मी म्हटलं, "शून्य कसं येईल?"

तिने तालिका दाखवली. १० ते १२ या वर्गासमोर ताळ्याची एकही खूण नव्हती. वारंवारता शून्य. मग तिने पान उलटलं. गृहीतमध्य पद्धतीने तिचा मध्य आला होता बारा. त्या बारावर बोट ठेवून ती म्हणाली, "आणि सर, सरासरी बारा येते. पण बारा पोरी तर कोणत्याच दिवशी आल्या नव्हत्या की."

मला काही उत्तर सुचलं नाही. मोजण्यात चुकली असशील, बघतो, असं काहीतरी बोलून मी तिला जायला सांगितलं आणि मोकळ्या तासाला हजेरीपट घेऊन बसलो. ती चुकली नव्हती. पानामागून पान तेच होतं. एक तर सोळा-सतरा मुली, नाही तर पाच-सात. अधलामधला दिवस एकही नाही. आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी, माझ्याच अक्षरात, सरासरी हजेरी लिहिलेली होती. ती सरासरी काढायची, वर पाठवायची आणि पान उलटायचं, हे मी नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला करत होतो. कुठल्याच दिवशी न आलेल्या बारा मुली मी कागदावर हजर करत होतो आणि खरोखर घरी राहिलेल्या मुली त्या बारांच्या आड दिसेनाशा करत होतो.

मग मी बाकीच्या वह्या परत काढल्या. सामग्री सगळ्यांची एकच होती, म्हणजे खिंडार सगळ्यांच्या आयतालेखात यायला हवं होतं. ते आलं नव्हतं. बहुतेक मुलांनी तो रिकामा वर्गच गाळला होता आणि दोन्हीकडचे आयत एकमेकांना चिकटवून टाकले होते. आयत सलग हवेत, हे सरांनी सांगितलेलं. त्या सगळ्यांना मी पूर्ण गुण दिले होते. जिने आकड्यांवर विश्वास ठेवला तिचा गुण कापला, आणि ज्यांनी माझ्या शब्दाखातर आकडे मोडले त्यांना शाबासकी. त्या दुपारी शिक्षक-खोलीत बसून मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी नंतर क्वचितच वाटली असेल. ही चूक एका वहीतली नव्हती. मी मुलांना बघायला शिकवलं नव्हतं. आज्ञा पाळायला शिकवलं होतं, आणि त्याला गणित म्हणत होतो.

तिचा अर्धा गुण मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर परत केला आणि तिचा आयतालेख फळ्यावर काढला. मग वर्गाला विचारलं, हे असं का झालं असेल? मुलं गप्प. आलेखावरून प्रश्न विचारायची सवय त्यांना नव्हती, मलाही नव्हती. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "खुरपणीला माय गेली की धाकट्याला कोण बघणार, सर?" तेवढ्याने बारा का येत नाही हे मात्र उलगडत नव्हतं. मग ती तेरणेकडची मुलगी बोलली. "आमच्या गावातनं आम्ही पाचजणी येताव. दोघी राहिल्या की तिसरीच्या घरचे म्हणतेत, आज राहू दे. मग चौथीच्या घरचे बी. उरलेलीला, एकलीला, कोण लावून देतंय?"

मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. हे मला शिकवता आलं असतं. प्रत्येक मुलगी आपापल्या कारणाने, दुसरीशी काही संबंध नसताना घरी राहिली असती, तर कधी दहा आल्या असत्या, कधी चौदा, आणि जास्तीत जास्त दिवस अकरा, बारा, तेरा अशी संख्या पडली असती. आयतालेखाला मधे एकच उंचवटा आला असता आणि बारा हा आकडा त्या वर्गाबद्दल काहीतरी खरं बोलला असता. पण या मुली सुट्या सुट्या गैरहजर राहत नव्हत्या. एकीची गैरहजेरी दुसरीला घरी बसवत होती. म्हणून दोन ढीग आणि मधे खिंडार. घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत, हा संभाव्यतेतला मुळातला प्रश्न, आणि त्याचं उत्तर कोऱ्या जागेच्या रूपाने माझ्या वर्गाच्या वहीत पडलं होतं. मी ज्याला कारकुनी म्हणत आलो त्याच्या आत गणित होतं, आणि त्या गणिताच्या आत माझ्या विद्यार्थिनींचं घर, रस्ता आणि भीती होती.

पुढचा प्रश्न मुलांनीच काढला. गावं वेगवेगळी, मग सगळ्या गावच्या मुली एकाच दिवशी कशा गळतात? त्यासाठी तारखेच्या क्रमाने आलेख काढावा लागला. आयतालेखात दिवसांचा क्रम हरवतो, तो कोणत्या प्रश्नाला उपयोगी आणि कोणत्या नाही, हेही मी तेव्हाच पहिल्यांदा वर्गात बोललो. तारखेच्या आलेखात जे दिसलं ते शेतकऱ्यांच्या पोरांनी माझ्याआधी ओळखलं. पावसाची झड आहे तोवर वर्ग भरलेला. उघडीप मिळाली, रानात वापसा आला, की हजेरी कोसळलेली. वापसा एका गावात येतो आणि शेजारच्या गावात येत नाही, असं सहसा होत नाही. सगळ्या शिवारांत एकदमच खुरपणी सुरू होते, नंतर सोयाबीनची काढणी आणि रास. गुत्त्याने काम घेतलेलं असलं तर घरातलं कुणीच सुटत नाही.

त्या हिवाळ्यात मी बरंच वाचलं. फ्रान्सिस अॅन्सकोम्ब या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ साली चार छोटे सामग्रीसंच करून दाखवले होते. प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत आडव्या अक्षावरच्या संख्यांचा मध्य ९, उभ्या अक्षावरच्या संख्यांचा मध्य ७.५, सहसंबंध तोच, बिंदूंमधून काढलेली रेषाही तीच. कागदावर बिंदू मांडले की मात्र एकात सरळसा पट्टा, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात रेषेत उभ्या बिंदूंमधून एकच बाहेर पडलेला, चौथ्यात सगळे बिंदू एका उभ्या ओळीत आणि एक भलतीकडे. हे चार आलेख मी आता दरवर्षी वर्गात काढून घेतो. आधी फक्त आकडेमोड करून घेतो, चारही सारखेच आहेत असं मुलांना ठामपणे म्हणू देतो, आणि मग आलेख कागद वाटतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव मुलांना दिवा घेतलेली परिचारिका म्हणून माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे पटवून देण्यासाठी तिने १८५८ साली जे आलेख छापले, त्यांत वर्तुळाभोवती प्रत्येक महिन्याची वेगळी पाकळी आहे: एप्रिल १८५४ पासून मार्च १८५६ पर्यंत. दोन वर्षांची एक सरासरी देऊन तिने काम भागवलं नाही. महिने सुटे ठेवले म्हणून कोणत्या हिवाळ्यात माणसं किती मेली आणि स्वच्छता सुधारल्यावर ती पाकळी कशी आक्रसली, हे उघड्या डोळ्यांना दिसतं.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल गेलं ते अण्णांशी झालेलं बोलणं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पीक कापणी प्रयोगाला जायचो. तेव्हा आमच्याकडे सोयाबीन नव्हतं, हायब्रीड ज्वारी होती. अण्णांच्या हातात वरून आलेला कागद असायचा. त्यातल्या आकड्यांवरून शेत ठरायचं, आणि शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं इकडे, किती पावलं आत, तेही आकड्यावरूनच. तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी लावायची, तेवढ्याच चौकोनातलं पीक कापायचं, मळायचं, दाणे तोलायचे. टेपचं एक टोक माझ्याकडे असायचं. शेतकरी हात जोडायचा, "साहेब, तिकडं खडकाळ बाजूला मारा की खुंटी." उतारा कमी दिसावा, सरकारकडून काही सूट मिळावी, म्हणून. अण्णा म्हणायचे, "आकडा म्हणतोय तिथंच." मला त्यांचा राग यायचा. गरिबाचं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतात, ही कसली माणुसकी?

मी वाचू लागलो तेव्हा मला कळलं की पिकाचा उतारा पूर्वी नजरअंदाजाने ठरवत. त्याऐवजी यादृच्छिक पद्धतीने शेत आणि त्यातला चौकोन निवडून प्रत्यक्ष कापून तोलायचं, ही पद्धत आपल्याकडे १९४० च्या दशकात घडवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा होता: वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. शेती-संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो वापरला. आणि ज्या पद्धतीवर हे सगळं उभं होतं, तिचं टेप धरून मी रानात उभा होतो.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांना पानसे-सुखात्मे ही नावं माहीत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मनानं जागा निवडली की माणूस लबाडी करतो. करायची नसली तरी होते. म्हणून आकडा." यादृच्छिक नमुन्याची इतकी नेमकी समज मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती, आणि ती माझ्याच घरात, मी हलकं मानलेल्या माणसाकडे, इतकी वर्षं होती. मी त्यांना माझा जुना राग सांगितला नाही. सांगायला हवा होता असं आता वाटतं. ते अजून आहेत, सांगेन.

पीक कापणीचा विषय आज वर्गात काढला की मुलांचे कान टवकारतात, कारण २०१६ च्या खरिपापासून आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत विम्याचे पैसे याच प्रयोगांतून निघणाऱ्या उताऱ्याशी जोडले गेले. महसूल मंडळाचा सरासरी उतारा म्हणजे काय, हे घरी भांडून विचारणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. मंडळाची सरासरी चांगली आली, पण आमचं माळावरचं रान तर गेलं, असं एका मुलाने सांगितलं तेव्हा मला बारा मुली आठवल्या. सरासरी खोटी नव्हती. ती त्याच्या रानाबद्दल बोलत नव्हती.

ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीनला फुलं आणि शेंगा धरायच्या दिवसांत आमच्याकडे खंड पडला. त्यानंतर आम्ही पावसाचे आलेख काढतो ते दिवसवार. लातूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर, हे वाक्य भूगोलाच्या वहीत सगळ्यांकडे असतं. पण तो पाऊस कोणत्या दिवशी पडला आणि कोणते आठवडे कोरे गेले, ते दिवसवार मांडल्याशिवाय पीक का गेलं हे सांगता येत नाही. खंड म्हणजे काय ते या मुलांना जन्मापासून माहीत असतं. तो कागदावर कसा दिसतो, ते मी आत्ता कुठे दाखवायला लागलो.

आलेख फसवतोही, हे मुलांनी मला शिकवलं. लातूरला शिकवणीच्या जाहिरातींचे मोठमोठे फलक लागतात. एका मुलाने तसल्या एका फलकाचा फोटो आणला. गेल्या वर्षीच्या निकालाचा स्तंभ यंदाच्या स्तंभाच्या पाव उंचीचा. आकडे वाचले तर ९१ आणि ९४. उभा अक्ष नव्वदपासून सुरू केला होता आणि तसं कुठेच दाखवलेलं नव्हतं. त्या दिवशी नागमोडी खुणेचा अर्थ वर्गाला लागला, आणि मलाही. अक्षाचा काही भाग इथे गाळला आहे, अशी वाचणाऱ्याला दिलेली ती कबुली असते. मी ती वर्षानुवर्षं फक्त अर्ध्या गुणासाठी काढून घेतली.

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. तो आयतालेख सापडला त्या उत्साहात मी तो मोठ्या कार्डशीटवर काढून वऱ्हांड्यात लावायचं ठरवलं होतं. खाली त्या तेरणेकडच्या मुलीचं नावही लिहिणार होतो. तिला वाटलं मी खूश होऊन सांगतोय, म्हणून आधी काही बोलली नाही. मग संध्याकाळी एसटीला जायच्या आधी परत आली. "सर, भिंतीवर नका लावू. खालच्या ढिगात कोण कोण हाय ते सगळ्यांना कळतंय." मला तो ढीग सांख्यिकीतली सुंदर गोष्ट वाटत होती. तिच्यासाठी तो पाच मैत्रिणींची घरची गरिबी होता, आणि त्यातली एक ती स्वतः. मी कार्डशीट गुंडाळून ठेवलं. पालकसभेत फक्त बोललो, कागद दाखवला नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन गावांनी आपल्या मुली एकत्र धाडायचं कबूल केलं, म्हणजे एका गावच्या कमी पडल्या तरी दुसऱ्या गावच्या सोबतीला असतील. पुढच्या वर्षीच्या आयतालेखात खालचा ढीग नाहीसा झाला नव्हता. थोडा बुटका झाला होता आणि मधल्या कोऱ्या वर्गात काही दिवस आले होते. हा बदल खुरपणीचे दिवस कमी पडल्यामुळे की सोबतीमुळे, हे एवढ्या सामग्रीवरून सांगता येत नाही, असं मी मुलांना म्हटलं.

आता माझ्या घटक चाचणीत आलेख काढायला निम्मे गुण असतात. उरलेले निम्मे दोन प्रश्नांना: यावरून काय दिसतं, आणि काय दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मुलं अडखळतात, हुशार मुलं जास्त. बोर्डाला असं येतं का, असं ती विचारतात. सहसा येत नाही, हे मी लपवत नाही.

सहकारी म्हणतात, वेळ कुठून आणता? त्यांचं बरोबर आहे. मध्य काढायच्या तीन पद्धती आहेत: सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. या सगळ्यापायी तिसरीचा सराव माझ्या वर्गात कमी पडू लागला. मागे एका मुलाचे नेमके त्याच उदाहरणात गुण गेले आणि त्याचे वडील भेटायला आले. पोराला एवढे आलेख काढायला लावता, मग हे कसं राहिलं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. कामावरून थेट आले होते, पायाला माती होती. मी जे सांगितलं त्याने त्यांचं समाधान झालं नाही, आणि व्हायला हवं होतं असंही मला वाटत नाही. दोन्हीला वेळ पुरावा म्हणून यंदा मी हे प्रकरण जुलैमध्येच घेतलं आहे. खुरपणी सुरू झाली आहे, रोजची हजेरी मुलं स्वतः मांडताहेत, आणि कोणता आलेख भिंतीवर जाईल ते त्यांनीच ठरवायचं आहे.